वापरलेल्या उत्खनकांतील संदेशवहन-बिघाडांचे निदान

वापरलेल्या उत्खनकांतील संदेशवहन-बिघाडांचे निदान म्हणजे यंत्रातील इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांमधील माहितीची देवाणघेवाण कोठे व कशामुळे खंडित झाली, हे मोजमापाने ठरविण्याची पद्धत होय. उत्खनकाला महाराष्ट्रात सर्रास 'पोकलेन' म्हटले जाते. हे नाव पोक्लँ या फ्रेंच उत्पादक कंपनीवरून रूढ झाले. जुन्या यंत्रात असा बिघाड पुष्कळदा तार, कनेक्टर किंवा वीजपुरवठा यांत असतो. पडद्यावर मात्र एखाद्या नियंत्रकाचे नाव दिसते आणि त्यामुळे सुस्थितीतील महागडा नियंत्रक विनाकारण बदलला जातो. म्हणून आधी मोजणे व मग बदलणे, हे या निदानाचे मूळ तत्त्व आहे.

पार्श्वभूमी

आधुनिक उत्खनकात इंजिन, हायड्रॉलिक पंप आणि चालकापुढील मॉनिटर यांसाठी सामान्यतः स्वतंत्र नियंत्रक असतात. इंजिनावर पडणारा भार पाहून पंपाचा प्रवाह कमी-जास्त करावा लागतो. त्यासाठी इंजिनाचा वेग पंपाच्या नियंत्रकाला सतत कळावा लागतो. ही माहिती बहुधा 'कॅन बस' या जाळ्यातून जाते. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ मध्ये या प्रणालीचे काम सुरू केले व १९८६ मध्ये ती जाहीर केली. १९९३ मध्ये तिला आयएसओ ११८९८ हे आंतरराष्ट्रीय मानक लाभले. अवजड वाहने व यंत्रे यांसाठी तिच्यावर आधारलेले एसएई जे१९३९ हे मानक प्रचलित आहे. काही उत्पादक स्वतःची वेगळी संदेशपद्धती वापरतात, तर काही यंत्रांत एकाहून अधिक जाळी असतात. त्यामुळे त्या नमुन्याचा विद्युत-आराखडा हाताशी असणे आवश्यक ठरते.

रचना

कॅन बसमध्ये एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा असतात. त्यांना 'कॅन-हाय' व 'कॅन-लो' म्हणतात. संदेश नसताना दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट दाब असतो. संदेशाच्या वेळी पहिलीवरील दाब सुमारे ३.५ व्होल्टपर्यंत चढतो आणि दुसरीवरील सुमारे १.५ व्होल्टपर्यंत उतरतो. बाहेरील विद्युत-गोंगाटाचा परिणाम दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो. त्यामुळे त्यांच्यातील फरक, म्हणजेच संदेश, शाबूत राहतो. मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक असतो. तो संकेताचे परावर्तन रोखतो. नियंत्रक या मुख्य तारेला आखूड उपशाखांनी जोडलेले असतात.

बिघाडाची कारणे

कंपनांमुळे धातूच्या कडेवर घासून तारेचे आवरण फाटणे, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने यंत्र धुताना कनेक्टरमध्ये पाणी शिरणे, टोके गंजणे, उंदरांनी तारा कुरतडणे आणि चॅसिसला जोडलेली भू-तार सैल होणे ही नेहमीची कारणे आहेत. वापरलेल्या यंत्रात पूर्वीच्या दुरुस्त्यांची भर पडते: पीळ न देता जोडलेल्या तारा, नंतर बसविलेले स्थानदर्शक उपकरण, किंवा दुसऱ्या यंत्रातून काढून लावलेला व आज्ञावलीने न जुळणारा नियंत्रक.

संकेतांकाचा अर्थ

संदेशवहनाचा संकेतांक हा ऐकणाऱ्याची तक्रार असते. बोलणारा नादुरुस्त आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. 'इंजिन-नियंत्रकाशी संपर्क नाही' असे मॉनिटर सांगत असेल आणि पंपाच्या नियंत्रकाला मात्र इंजिनाचा वेग मिळत असेल, तर दोष मॉनिटरच्या शाखेत शोधावा लागतो. दोघांनाही इंजिनाचे संदेश मिळत नसतील, तर त्या नियंत्रकाचा वीजपुरवठा, भू-तार व शाखा प्रथम तपासतात. सर्वच नियंत्रक एकमेकांना ऐकू शकत नसतील, तर मुख्य तार किंवा तिला अडविणारा एखादा घटक संशयित ठरतो.

मोजमाप

प्रथम बॅटरीचा दाब आणि प्रत्येक नियंत्रकाचा वीजपुरवठा तपासतात. हा पुरवठा भार देऊन तपासणे इष्ट असते, कारण एकच धागा उरलेली तारही भाराविना पूर्ण दाब दाखवते. चाचणीचा दिवा मात्र कॅनच्या तारांना कधीही लावू नये. त्यानंतर मुख्य वीज बंद करून, थोडा वेळ थांबून, दोन कॅन तारांमधील रोध मोजतात.

• सुमारे ६० ओहम: दोन्ही रोधक जोडलेले आहेत.
• सुमारे १२० ओहम: एक रोधक निकामी आहे किंवा मुख्य तार तुटली आहे.
• सुमारे ४० ओहम: तिसरा रोधक जोडला गेला आहे.
• शून्याच्या आसपास: दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

६० ओहम हे वाचन निर्दोषतेची हमी देत नाही. उपशाखा तुटली असली तरी मुख्य तारेचा रोध तोच राहतो. काही यंत्रांत रोधक नियंत्रकातच बसविलेला असतो; तो नियंत्रक सुटा केल्यावर १२० ओहम दिसणे स्वाभाविक आहे. तारा चिकटल्याचे आढळल्यास एकेक शाखा सोडवून वाचन केव्हा पूर्ववत होते ते पाहतात. मल्टिमीटर दाबाची सरासरीच दाखवतो. त्यामुळे क्षणिक दोषांसाठी ऑसिलोस्कोप उपयुक्त ठरतो.

खरेदीपूर्व तपासणी

विक्रीपूर्वी संकेतांक पुसलेले असू शकतात. म्हणून यंत्र हायड्रॉलिक तेल तापेपर्यंत कामावर चालवून नोंदी पुन्हा वाचाव्या लागतात. अनेक उत्खनकांत नियंत्रणप्रणाली बंद पडल्यास पंप चालू ठेवणारा आपत्कालीन स्विच असतो. तो चालू ठेवला असल्यास यंत्र वरकरणी ठीक चालते आणि मूळ दोष झाकला जातो. म्हणून स्विच सामान्य स्थितीत ठेवूनच परीक्षा घेणे गरजेचे आहे.

दक्षता

तपासणीपूर्वी बूम व बकेट जमिनीवर टेकवतात. इंजिन चालू असताना तारा हलवून पाहायच्या असल्यास पंखा व पट्ट्यांपासून दूर राहणे आवश्यक असते. यंत्रावर वेल्डिंग करताना मुख्य वीज बंद करून, उत्पादकाच्या सूचनेनुसार नियंत्रकांचे कनेक्टर सोडवतात आणि भू-जोड वेल्डिंगच्या जागेजवळ घेतात. अन्यथा वेल्डिंगचा प्रवाह नियंत्रकांतून जाऊन ते कायमचे निकामी होऊ शकतात.