फुंक मारायला सांगितलं, पुढे काय?

नॅशनल हायवे ६१, म्हणजे कल्याण-निर्मल रस्ता, आमच्या पाथरीतून जातो. एकीकडे माजलगाव, दुसरीकडे मानवत आणि परभणी. थंडीत ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, रात्रीचे ट्रक, लग्नसराईतल्या जीपा, आणि ह्या सगळ्यात ट्रिपल सीट आपण! अशा रस्त्यावर रात्री पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली की दोनच सल्ले मिळतात. एक, "कोणाला तरी फोन लाव." दुसरा, "कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो." पहिल्याबद्दल मी काय लिहिणार! दुसरा मात्र दिसतो तितका साधा नाही, म्हणून हा लेख.

आधी एक फरक समजून घेऊ. हेल्मेट नाही, ट्रिपल सीट, इन्शुरन्स संपलेला, अशा गुन्ह्यांत मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २०० प्रमाणे तडजोड शुल्क भरता येतं. आपण ज्याला 'पावती फाडली' म्हणतो ते हेच. (हेल्मेट आणि ट्रिपल सीटच्या कलमांत तीन महिने लायसन्स जाण्याचीही तरतूद आहे, ते कोणी सांगत नाही.) पण दारू पिऊन गाडी चालवणे हे कलम १८५, आणि कलम २०० च्या यादीत १८५ नाहीच. म्हणजे हे प्रकरण रस्त्यावर मिटू शकत नाही, लोकअदालतीतही नाही. ते मॅजिस्ट्रेटसमोरच जातं. मधल्या मध्ये कोणी तोडपाणी करून देतो म्हणाला तर ती सरळ लाच आहे, आणि २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो.

आता मर्यादा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे गुन्हा. पण मशीन तर श्वास मोजतं, रक्त नाही. मग? आपण इंजिनीअरिंगवाले, म्हणून थोडं विषयांतर चालेल. फुफ्फुसात रक्तातला अल्कोहोल हवेत येतो आणि दोन्हींचं प्रमाण साधारण ठरलेलं असतं. १ मिलिलिटर रक्तात जेवढा अल्कोहोल, तेवढाच २१०० मिलिलिटर श्वासात, असं धरतात. त्या हिशोबाने ३० ची मर्यादा म्हणजे एक लिटर श्वासात जेमतेम ०.१४ मिलिग्रॅम. फ्युएल सेलच्या मशीनमध्ये प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होतं, त्यातून करंट मिळतो आणि करंटवरून आकडा. गंमत म्हणजे नुकताच माउथवॉश वापरला असेल तर तोंडातला अल्कोहोलही मोजला जातो. असं काही असेल तर तिथेच सांगावं, पंधरा मिनिटांनी परत टेस्ट घ्यायची विनंती करावी. इलायची, पान, पेरू ह्यांनी वास झाकला जाईल कदाचित, श्वासातला अल्कोहोल जात नाही.

फुंक मारायला नकार दिला तर? बरेच जण ह्याला हुशारी समजतात. पण संशयाला कारण असेल तर नकारावरही विनावॉरंट अटक करता येते, आणि कलम २०५ प्रमाणे तो नकार कोर्टात आपल्याविरुद्ध धरला जाऊ शकतो. म्हणजे फायदा शून्य.

अटक झालीच तर एक वाक्य पाठ करून ठेवा. कलम २०२ म्हणतं की १८५ खाली अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडलं पाहिजे. म्हणून अटकेची वेळ, डॉक्टरकडे नेल्याची वेळ, रक्त घेतल्याची वेळ लक्षात ठेवा, जमलं तर लिहून ठेवा. मशीनच्या प्रिंटवरचा आकडा आणि वेळही बघा. मुलींसाठी: डॉक्टर पुरुष असेल तर रक्त घेताना एक स्त्री हजर असलीच पाहिजे. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे जामीन हा हक्क आहे, उपकार नव्हे.

वेळ आणि बाटली ह्यांचं एवढं कौतुक का? मुंबईतल्या एका अपघाताच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९७१ सालीच म्हटलं होतं की रक्त किंवा लघवीची तपासणी केलेली नसताना नुसता तोंडाचा वास आणि अडखळती चाल एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असं ठरवता येत नाही. सलमान खानच्या २००२ च्या केसमध्ये रक्ताचा नमुना कसा हाताळला ह्यावर हायकोर्टात शंका घेतली गेली आणि २०१५ मध्ये तो निर्दोष सुटला. उलट बाजूने, १२ नोव्हेंबर २००६ च्या कार्टर रोड अपघातात सात मजूर गेले. ॲलिस्टर परेराच्या रक्तात १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम सापडले आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. २०२४ च्या पुण्यातल्या पोर्शे प्रकरणात तर नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससूनचे डॉक्टर अटकेत गेले. त्या अपघातात गेलेले दोघे आपल्याच फील्डमधले, आयटी इंजिनीअर होते.

आता त्या 'कबूल करून टाक' कडे येऊ. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत किंवा १५,००० किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिला दंड २,००० होता, त्यामुळे जुन्या लोकांना अजून ते किरकोळ वाटतं. पण गुन्हा कबूल करणं म्हणजे दोषी ठरणं, आणि दोषी ठरलात की कलम २० प्रमाणे कमीत कमी सहा महिने लायसन्स रद्द करणं कोर्टावर बंधनकारक आहे. आपल्याला ते जड जाईलच, पण भाड्याच्या ट्रकवर पोट असलेल्या ड्रायव्हरसाठी सहा महिने म्हणजे अख्खा ऊसाचा सीझन. शिवाय जप्त लायसन्सची जी पोच मिळते तिच्यावर १८५ च्या केसमध्ये गाडी चालवता येत नाही. केस कोर्टात चालू असताना पासपोर्ट काढायचा तर कोर्टाची परवानगी लागते. एमएसची स्वप्नं बघणाऱ्यांनी नोंद घ्यावी. म्हणून वकिलाने कागद बघितल्याशिवाय "कबूल" म्हणू नका. खरंच प्यायला असाल आणि कागद चोख असतील तर वकीलच कबूल करा म्हणेल, ते वेगळं. आणि वयाचं विसरू नका: महाराष्ट्रात दारूला २५, सौम्य बिअर-वाइनला २१ वर्षं लागतात. आपल्यातले बहुतेक जण दोन्हींत बसत नाहीत!

ई-चलान त्या मानाने सोपं. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे आकडे टाकले की फोटोसकट चलान दिसतं. फोटोतली गाडी आपली नसेल तर तक्रार करता येते. तडजोड नको असेल तर कोर्टात लढताही येतं. पण चलान येतं मालकाच्या नावावर. विकलेल्या गाडीचं नाव बदललं नसेल तर नवीन मालकाच्या पावत्या तुमच्या मोबाईलवर! विकणाऱ्याने १४ दिवसांत परभणीच्या आरटीओला कळवायचं असतं.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेले आणि कमी उत्पन्नाचे लोक ह्यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यायचा, मराठीत चालतो.