उतरणीचा हिवाळा

दिवाळी सरली की पालीच्या गल्ल्या पहाटेच जाग्या होतात. बल्लाळेश्वराचं दर्शन आटोपून तरुणांची टोळकी पाठीवर सॅक टाकून देवळामागच्या सरसगडाकडे वळतात. सुधागडच्या भोराई देवीला जाणाऱ्यांच्या गाड्या पाच्छापूर, ठाकूरवाडी नाहीतर धोंडशाच्या दिशेने निघतात. पावसाळ्यात कोकणातला माणूस शेवाळ बघून पाय टाकतो, ओल्या कातळाला वचकून असतो. थंडीत सगळं कोरडं, स्वच्छ दिसतं आणि तो धाक सुटतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण घसरायला बर्फच लागतो असं नाही.

डिसेंबरात सह्याद्रीच्या उतारांवर दोन गोष्टी फसव्या असतात. एक म्हणजे वाळून आडवं झालेलं पिवळं गवत, आणि दुसरा घसारा. पावसाने माती वाहून गेल्यावर कठीण पृष्ठभागावर बारीक खडे आणि मुरूम मोकळे उरतात. बूट त्यांच्यावर टेकला की ते बेअरिंगच्या गोळ्यांसारखे फिरतात आणि पाय पुढे निसटतो. म्हणूनच किल्ल्यावरचे बरेचसे अपघात उतरताना होतात. चढताना आपण पुढे झुकलेले असतो. पडलो तरी हातांवर पडतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतात, त्यामुळे ते लवकर थकतात. पाय लटपटू लागले की घोटा मुरगळायला एक खडा पुरतो.

सरसगडाचा कातळात खोदलेला जिना या बाबतीत कडक परीक्षा घेतो. पायऱ्या अरुंद घळीत आहेत, उंच आहेत, आणि वरून बघितलं की पोटात गोळा येतो. इथे लाज सोडून तोंड कातळाकडे करावं आणि शिडी उतरावी तसं उतरावं. हातात मोबाईल नको, काठीही सॅकला अडकवलेली बरी. दोन माणसांत अंतर हवं, म्हणजे वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात बसत नाही.

घसाऱ्यावर कसं चालावं हे शिकायचं तर लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या ठाकर बाईची पावलं बघावीत. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, तळवा सगळाच्या सगळा टेकलेला, आणि भार पुढच्या पायावर पक्का झाल्याशिवाय मागचा उचलायचा नाही. आपण मात्र घाबरून मागे रेलतो, टाच आधी टेकवतो आणि नेमके पाठीवर आपटतो. झिजलेल्या तळव्याचे स्पोर्ट्स शूज घालून डोंगरावर येऊच नये. पहाटे गाडीतून उतरल्या उतरल्या चढ सुरू करू नये; अंग आखडलेलं असतं. दहा-पंधरा मिनिटं सपाटीवर चालून मग चढाला लागावं.

एवढं करूनही घोटा लचकलाच, तर तो चोळू नका. गरम तेलाचं मालिश हा आपल्याकडचा हमखास उपाय, पण ताज्या दुखापतीत त्याने सूज वाढते. बूट न काढता उतरता येत असेल तर तसंच यावं. खाली आल्यावर पाय उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने शेकावं, क्रेप बँडेज बांधावं. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा.

थंडीच्या उन्हात अंग शेकत बसायला आपल्याप्रमाणेच फुरसंही कातळावर येतं. त्यामुळे दगडाच्या बेचक्यात न बघता हात घालू नये. साप चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं, मांत्रिक यातलं काहीही नको. चावलेला भाग हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठायचं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं. विंचवाच्या बाबतीत तर रायगड जिल्ह्याने जगाला धडा दिला आहे. लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे रुग्ण प्राझोसिन या साध्या औषधाने वाचतात, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ट्रेकनंतर बरेच जण उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे वळतात. दुखऱ्या अंगाला ते सुख देतं, यात शंका नाही. पण मधुमेहाने ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे त्यांना चटका कळतच नाही. त्यांनी आधी दुसऱ्याला पाण्यात हात घालायला सांगावं. घरच्या बंबाच्या पाण्यालाही हाच नियम. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट किंवा हळद लावायची नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी गरम पाण्यातून एकदम उठू नये. चक्कर येऊन ओल्या फरशीवर पडण्याचा धोका असतो.

हल्ली हीच पोरं डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला जातात, साडेबारा हजार फुटांवर, खऱ्या बर्फात. सरसगडावर घटवलेली छोटी पावलं तिथेही उपयोगी पडतात; शिवाय बुटांना मायक्रोस्पाइक्स बांधायचे आणि हात खिशातून बाहेर ठेवायचे. ओले मोजे लगेच बदलायचे. बोटं बधिर, पांढुरकी पडली तर ती चोळायची नाहीत, शेकोटीवरही धरायची नाहीत, कारण बधिर कातडी भाजल्याचं कळत नाही. तंबूत परतल्यावर, पुन्हा गारठ्यात जायचं नाही याची खात्री असेल तेव्हाच, ती कोमट पाण्यात बुडवायची आणि डॉक्टरांना दाखवायची.