एल्डिनच्या क्लार्कने कोरलेल्या गढ्या

एडिनबरो : शहराच्या दक्षिणेकडील मिडलोथियन प्रदेशातल्या पडक्या गढ्या लढायांत उद्ध्वस्त झाल्या असाव्यात असा पाहुण्याचा समज होतो, काहींच्या बाबतीत तो खराही आहे, कारण १६५० साली इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या तोफांनी बॉर्थविक गढीच्या भिंतीवर केलेली जखम अजून स्पष्ट दिसते. परंतु पुष्कळ गढ्या ओस पडल्या त्या शांततेमुळे. १७४५-४६ चा जॅकोबाइट उठाव, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्याचा अखेरचा प्रयत्न, मोडून काढल्यानंतर सरदारांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार कायद्याने संपुष्टात आले, जाड भिंतींमागे राहण्याचे प्रयोजन उरले नाही आणि धनिक घराणी मोठ्या खिडक्यांच्या नव्या वाड्यांत राहायला गेली.

या स्थित्यंतराच्या काळात जुन्या वास्तूंची चित्रे कोरणारा जॉन क्लार्क (१७२८–१८१२) पेनिकुकच्या सरदार घराण्यातला धाकटा मुलगा होता. व्यापारात पैसा मिळवून त्याने लासवेडजवळ एल्डिन ही मिळकत घेतली. कोळशाच्या खाणीतही त्याचा व्यवहार होता, आणि नौदलात कधीच नोकरी न करता त्याने नौयुद्धाच्या डावपेचांवर ग्रंथ लिहिला, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना यावी. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याला नव्हते. उठावानंतर लष्करी मोजणीच्या कामासाठी स्कॉटलंडमध्ये आलेला चित्रकार पॉल सँडबी याचा स्नेह आणि जुन्या डच मुद्राचित्रांचा अभ्यास एवढ्या शिदोरीवर त्याने चाळिशी उलटल्यावर अम्लरेखन हाती घेतले.

अम्लरेखनात तांब्याच्या पत्र्यावर मेण व राळ यांचा पातळ थर देतात, त्यावर सुईने चित्र काढून तांबे उघडे करतात आणि पत्रा अम्लात बुडवतात. उघडी रेघ अम्लाने खाल्ली जाते, आणि ती जितका वेळ खाल्ली जाईल तितकी खोल होऊन तिच्यात जास्त शाई मावते. सुई कागदावरच्या लेखणीसारखी मोकळी फिरत असल्याने तांबे थेट कोरण्याच्या कलेला लागणारी दीर्घ उमेदवारी येथे अनिवार्य नसते, आणि स्वयंशिक्षिताला हे माध्यम मानवण्याचे कारण हेच आहे.

क्लार्कच्या चित्रांत आकाश बहुधा रिकामे, माणसे ठेंगणी व काहीशी ओबडधोबड. आकृतिरेखन ही त्याची दुबळी बाजू होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. दगड मात्र त्याला कळत होता. त्याची गढी जमिनीवर आणून ठेवलेली वाटत नाही, खालच्या खडकातूनच वर आलेली दिसते, आणि या दृष्टीमागे भूवैज्ञानिक जेम्स हटन याची मैत्री होती, असे मानायला जागा आहे. जेडबरा येथे उभ्या झालेल्या प्राचीन थरांवर आडवे थर विसावलेले आहेत. पृथ्वीचे वय अपार असल्याचा पुरावा म्हणून हटनने १७९५ च्या ग्रंथात या रचनेचे जे चित्र छापले, ते क्लार्कच्याच रेखाटनावरून तयार झाले होते.

क्लार्कची पत्नी सुझाना ही वास्तुशिल्पी रॉबर्ट अ‍ॅडमची बहीण. मेहुणा गढ्यांची चित्रे कोरत होता त्याच दशकात, १७७७ पासून, अ‍ॅडम कलेन येथे एका श्रीमंत अर्लसाठी बुरूज व चर्या असलेला नवाकोरा किल्ला उभारू लागला. किल्ल्याचा धाक गेल्यावरच त्याची हौस वाढली, आणि वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांनी तिचा पुढे मोठा व्यापार केला. स्कॉटने स्थापन केलेल्या बॅनाटाइन क्लबने क्लार्कची मुद्राचित्रे १८२५ मध्ये ग्रंथरूपाने काढली, तेव्हा स्कॉटच्या वाचकांनी त्यांत कादंबरीतले भूतकाळाचे धुके शोधले असेल. पण क्लार्कच्या रेषेत ते धुके फारच थोडे आहे.