थिसिस कपाटाबाहेर: खानदेशातल्या निवासी डॉक्टरांसाठी खुल्या संशोधनाची वाट

धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली सुरू झाले, जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ साली. दोन्ही शहरांत खाजगी वैद्यकीय महाविद्यालयेही आहेत. एमडी, एमएस करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टराला थिसिस लिहावाच लागतो. त्यासाठी सातपुड्याच्या पाड्यांवरून, रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातून, शिरपूर-साक्रीच्या गावांतून आलेले रुग्ण आपला वेळ, रक्त आणि माहिती देतात. परीक्षा झाली की बांधीव प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जाते आणि बहुतेकदा तिथेच राहते. रुग्णाने जे दिले ते दुसऱ्या रुग्णाच्या उपयोगी पडायचे असेल, तर थिसिस पहिल्या दिवसापासून खुला ठेवावा लागतो. तो कसा, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

खुले संशोधन म्हणजे काय

चार गोष्टी उघड असल्या की संशोधनाला खुले म्हणता येते: काय शोधणार हे आधी जाहीर केलेले, कसे शोधले याची पद्धत पूर्ण लिहिलेली, डेटा पडताळणीसाठी उपलब्ध आणि निष्कर्ष कोणालाही फुकट वाचता येण्याजोगे. निष्कर्ष मनासारखा आला नाही तरीही तो छापणे यातच येते. हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २००८ च्या आवृत्तीने चाचण्यांची नोंदणी आणि प्रतिकूल निष्कर्षांची प्रसिद्धी ही दोन्ही संशोधकाची कर्तव्ये ठरवली.

पहिल्या रुग्णाआधी नोंदणी

भारतातल्या चाचण्यांची नोंदवही म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, निवासी डॉक्टरांच्या बोलण्यातली ‘सीटीआरआय’. आयसीएमआरच्या दिल्लीतल्या वैद्यकीय सांख्यिकी संस्थेत ती २००७ साली सुरू झाली. नोंदणीला शुल्क नाही आणि पदव्युत्तर थिसिसही तिथे नोंदवता येतो. १ एप्रिल २०१८ पासून नियम कडक झाला: पहिला रुग्ण अभ्यासात घेण्याआधीच नोंदणी हवी, मागाहून चालत नाही. म्हणून क्रम असा: सिनॉप्सिस, एथिक्स कमिटीची मंजुरी, सीटीआरआय क्रमांक आणि मगच पहिला रुग्ण.

एवढी घाई कशाला? समजा, गरोदर स्त्रियांच्या अ‍ॅनिमियावर लोहाच्या गोळ्या आणि लोहाचे इंजेक्शन यांची तुलना करायची आहे. हिमोग्लोबिन किती वाढले, हा मूळ प्रश्न. त्यात फरक दिसला नाही म्हणून वजन, थकवा, बाळाचे वजन, प्रसूतीचा प्रकार अशा वीस गोष्टी तपासल्या. प्रत्येक तपासणीत योगायोगाने ‘फरक’ दिसण्याची शक्यता शंभरात पाच धरली आणि या गोष्टी एकमेकींवर अवलंबून नसल्या, तर वीसपैकी निदान एका ठिकाणी खोटा फरक सापडण्याची शक्यता शंभरात ६४ होते. तोच फरक मूळ प्रश्न म्हणून छापणे म्हणजे निकाल पाहून प्रश्नपत्रिका लिहिणे. मूळ प्रश्न आधीच नोंदवलेला असला की ही पळवाट राहत नाही.

संमतीपत्र कोणत्या भाषेत

खानदेशात हा टप्पा विशेष महत्त्वाचा. घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या रुग्णापुढे छापील मराठी संमतीपत्र ठेवून अंगठा घेतला, तर कागद पूर्ण होतो, संमती होत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यायची असते. रुग्णाला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार हवा. वॉर्डातली ती भाषा जाणणारी नर्स किंवा आशाताई समजावून सांगायला मदत करू शकते. मात्र साक्षीदार संशोधनाच्या चमूबाहेरचा असावा.

डेटा पुढे इतरांना द्यायचा विचार असेल, तर तसे वाक्य संमतीपत्रात पहिल्यापासून असावे: ‘तुमचे नाव-गाव काढून टाकून ही माहिती इतर संशोधकांना पडताळणीसाठी दिली जाईल.’ अभ्यास संपल्यावर दीडशे रुग्णांना पुन्हा गाठणे कुणालाच जमत नाही.

काय द्यायचे, काय झाकायचे

डेटा खुला करणे म्हणजे केसपेपरचे फोटो टाकणे नव्हे. नाव, फोन आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक काढला की झाले, असे अनेकांना वाटते. सिकलसेलच्या अभ्यासात तेवढ्याने भागत नाही. समाज, पाड्याचे नाव, वय १९, पहिले बाळंतपण, हिमोग्लोबिनचा प्रकार एसएस, एवढे एका ओळीत आले की पाड्यावरचा कोणीही ती मुलगी ओळखेल. अशा वेळी पाड्याऐवजी फक्त जिल्हा द्यावा, नेमक्या वयाऐवजी वयोगट द्यावा, तारखा काढून दिवसांचे अंतर ठेवावे. इतके करूनही ओळख पटण्याची भीती असेल, तर फाइल जाहीर न करता एथिक्स कमिटीमार्फत मागणीनुसार द्यावी आणि निबंधात तसे लिहावे. हाही पारदर्शकपणाच.

स्वच्छ केलेली फाइल आणि प्रश्नावली ठेवण्यासाठी झेनोडो, ओपन सायन्स फ्रेमवर्क अशी मोफत भांडारे आहेत. फाइलला कायमचा क्रमांक मिळतो आणि तो निबंधात देता येतो. त्याआधी गाइडची आणि संस्थेची लेखी परवानगी घ्यावी.

कुठे छापायचे

शोधनिबंधाची गरज पडली की घाई होते आणि त्या घाईवर जगणारी नियतकालिके आहेत. ‘आदरणीय डॉक्टर’ अशी ईमेल, चार दिवसांत स्वीकृती आणि लगेच शुल्काची मागणी, ही त्यांची खूण. तिथले लेख फुकट वाचता येतात, पण ते कोणी तपासलेले नसतात. त्याला खुले विज्ञान म्हणत नाहीत. डीओएजे या खुल्या नियतकालिकांच्या सूचीत नाव आहे का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात.

खुलेपणासाठी खिसा रिकामा करावा लागतो, असेही नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून १९५५ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ वाचकांना मोफत आहे आणि लेखकांकडूनही पैसे घेत नाही.

केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके वाचता येऊ लागली. खाजगी महाविद्यालये पहिल्या टप्प्यात नाहीत, आणि चोपड्यात दवाखाना चालवणारा डॉक्टर तर नाहीच. त्याच्यापर्यंत निष्कर्ष पोचायचा तर निबंधच खुला हवा.

लहान गाव आड येत नाही

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली; आजही ती कोणालाही मोफत वाचता येते. ३५ जणांना प्राझोसिनसोबत प्रतिविष, ३५ जणांना नुसते प्राझोसिन. कोणाला काय दिले हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होते, आणि निबंधाच्या शीर्षकातच ‘ओपन लेबल’ हे शब्द आहेत. अभ्यासाची मर्यादा दडवली नाही म्हणून निबंध कमी ठरला नाही.

विद्यार्थ्याच्या पडताळणीलाही वजन असते. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली. त्या काळात या औषधाच्या बाजूने ज्या अभ्यासांचा जगभर हवाला दिला जात होता, त्यात इजिप्तमधला एक मोठा अभ्यास होता. लंडनमधला वैद्यकीय विद्यार्थी जॅक लॉरेन्स याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तो वाचायला घेतला. त्याला मजकुरात उचलेगिरी दिसली, आणि डेटाची फाइल मिळाल्यावर आकड्यांतल्या विसंगतीही सापडल्या. जुलै २०२१ मध्ये तो अभ्यास मागे घेण्यात आला. फाइल मिळालीच नसती, तर आकड्यांवरची शंका नुसती शंका राहिली असती.

गाइडशी बोलताना

ज्युनिअर रेसिडेंटने गाइडपुढे मोठे तत्त्वज्ञान मांडायची गरज नाही. सिनॉप्सिससोबत एक पान जोडावे: मूळ प्रश्न कोणता, सीटीआरआय नोंदणी कधी, संमतीपत्रात डेटाचे वाक्य आहे का, लेखकांचा क्रम काय, निबंध कुठे पाठवणार. हे ठरवायचे ते रुग्ण यायच्या आधी; नंतर लेखकांच्या क्रमावरूनच वाद होतात. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी ‘स्ट्रोब’ आणि चाचणीसाठी ‘कन्सॉर्ट’ या तपासयाद्या मोफत मिळतात. त्या लिहून झाल्यावर नव्हे, लिहायला बसताना उघडाव्यात.

या सगळ्यात पैसा फारसा लागत नाही, क्रम पाळावा लागतो. यंदा सिनॉप्सिस लिहिणाऱ्या धुळे-जळगावच्या निवासी डॉक्टरांना एकच विनंती: पहिल्या रुग्णाची सही घेण्याआधी सीटीआरआयचा क्रमांक हातात असू द्या. बाकीचे टप्पे त्यानंतर सोपे जातात.