डाव कोठे हरला?

उर्दूत ज्या खेळाला शतरंज म्हणतात, त्याला मराठीत बुद्धिबळ म्हणतात. शतरंज हा शब्द 'चतुरंग' या संस्कृत शब्दापासून आला आहे. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगे : हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. म्हणजे हा खेळ मुळात लढाईचाच. एक खेळी आपण करायची, एक समोरच्याने करायची. आपली पाळी येईपर्यंत हात आवरून बसायचे.

संगणकावरही असे पाळीपाळीने खेळायचे लढाईचे खेळ आहेत. त्यांतल्या एका खेळाची ही हकिकत आहे.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी घोडेगाव आहे. आंबेगाव तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. तेथे माझी बहीण राहते. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेलो, तेव्हा माझा भाचा संगणकासमोर हिरमुसून बसला होता. तो नववीत शिकतो.

"मामा, एकच लढाई चार वेळा हरलो," तो म्हणाला. "माझे सैनिक काही कमी नाहीत. तरी दर वेळी मीच हरतो."

खेळाचे नाव होते 'बॅटल फॉर वेसनॉथ'. डेव्हिड व्हाईट यांनी हा खेळ तयार केला आणि 2003 साली तो लोकांपुढे आला. पुढे जगभरच्या हौशी लोकांनी तो वाढवला. तो फुकट मिळतो. पडद्यावर मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी घरे दिसतात. कोठे सपाट जमीन, कोठे झाडी, कोठे डोंगर, नदी किंवा गाव. मोहरा देऊन सैनिक भरती करायचे आणि घराघराने पुढे न्यायचे.

"तू खेळ. मी नुसता बघतो," मी म्हणालो.

तो खेळू लागला. शत्रूचा सैनिक टप्प्यात आला, की लगेच त्याच्यावर चाल करायची, एवढी एकच रीत त्याला ठाऊक होती. मधे नदी होती. त्याचे भालाईत सरळ पाण्यात उतरले आणि पलीकडच्या काठावरील शत्रूशी भिडले. शत्रूचे सैनिक राक्षसांच्या जातीचे होते. तोवर पडद्यावर रात्र झाली. तीन पाळ्यांत त्याचे निम्मे सैन्य कापले गेले. त्यांत एक जुना भालाईत होता. आधीच्या तीन लढायांतून तो वाचून आला होता. या खेळात मेलेला सैनिक परत येत नाही. भाच्याने संगणक बंद केला. जेवताना तो कोणाशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कागद घेऊन बसलो. या खेळात कोण कोठे उभा आहे, यावर घाव लागणे अवलंबून असते. शत्रूने भालाइतावर दहा घाव घातले असे समजा. तो उथळ पाण्यात उभा असेल, तर सरासरीने आठ घाव लागतात. सपाट जमिनीवर सहा लागतात. झाडीत किंवा टेकडीवर पाच आणि गावात किंवा उंच डोंगरावर चारच. म्हणजे तोच सैनिक गावात उभा केला, तर पाण्यातल्यापेक्षा निम्मे घाव खातो. शिवाय गावात थांबलेल्या जखमी सैनिकाच्या जखमा दर पाळीला थोड्या भरून येतात.

दुसरी गोष्ट वेळेची. पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर, अशा सहा पाळ्यांचा एक दिवस असतो. भालाइताचा घाव दिवसा सव्वापट बसतो, रात्री पाऊणपट. राक्षसांचे याच्या उलट. भाचा रात्रीच्या वेळी, पाण्यात उभे राहून लढत होता. हरला नसता तरच नवल!

"पण मग बसूनच राहायचे का? भित्र्यासारखे?" त्याने विचारले.

मी त्याला जुन्नरची गोष्ट सांगितली. घोडेगावच्या उत्तरेला जुन्नर आहे. शिवनेरी पाहायला त्याच्या शाळेची सहल तेथे गेली होती. पण जुन्नर हे काही काळ निजामशाहीची राजधानी होते, हे त्याला माहीत नव्हते. 1600 साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. त्यानंतर ज्याने निजामशाही सावरून धरली, तो मलिक अंबर. हा मूळचा हबशी गुलाम. स्वतःच्या कर्तृत्वाने तो राज्याचा कारभारी झाला. मोगलांच्या मोठ्या फौजेशी मोकळ्या मैदानात भिडणे परवडणारे नाही, हे तो जाणून होता. म्हणून मराठ्यांचे हलके घोडदळ घेऊन तो शत्रूची रसद तोडी, अचानक छापे घाली आणि डोंगरांत निघून जाई. या युद्धपद्धतीला मराठीत गनिमी कावा म्हणतात.

1624 साली मोगल आणि आदिलशाही फौजा मिळून त्याच्यावर चालून आल्या. अहमदनगरजवळ (आताचे अहिल्यानगर) भातवडी येथे तो थांबला. तेथे मोठा तलाव होता. मलिक अंबरने तलावाचा बांध फोडला. सगळीकडे चिखल झाला. शत्रूची फौज अडकून पडली, तिला धान्य मिळेना. रात्री अंबरचे लोक छावणीवर छापे घालू लागले. फौज पुरती हैराण झाली, तेव्हा त्याने हल्ला केला आणि जिंकला. शहाजीराजे भोसले या लढाईत त्याच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी येथेच धारातीर्थी पडले.

"म्हणजे पाण्यात मी नाही उतरायचे, त्यांना उतरवायचे," भाचा म्हणाला. मला पुढे काही सांगावे लागले नाही.

त्या संध्याकाळी त्याने सहाव्यांदा तीच लढाई मांडली. नदीच्या अलीकडे दोन गावे होती. ती त्याने धरली. एक नियम त्याने स्वतःच शोधून काढला. सैनिकाच्या शेजारच्या घरात शत्रूने पाऊल टाकले, की त्या पाळीपुरती शत्रूची चाल थांबते. त्यामुळे दोन सैनिकांच्या मधे दोन घरे रिकामी सोडली, तरी शत्रूला त्याच पाळीत पार निघून जाता येत नाही. थोड्या माणसांची लांब फळी होते. संगणक उतावळेपणाने खेळतो. राक्षस रात्रीच पाण्यात उतरले. भाच्याने दोन पाळ्या मार सोसला. जखमी झालेला सैनिक मागे, ताजा पुढे. पहाट झाली तेव्हा शत्रू अजून पाण्यातच होता.

एक चूक मात्र झाली. आनंदाच्या भरात त्याने घोडेस्वार शत्रूच्या भालाइतावर घातला. स्वाराचा घाव दुप्पट बसतो हे खरे, पण चाल करताना त्याला लागणारा घावही दुप्पट असतो. त्यात भाला लांब, म्हणून पहिला घाव भालाइताचा. स्वार गेला. घोडा धनुर्धराकडे वळवला असता तर वाचला असता.

तरीही ती लढाई तो जिंकला. नऊ सैनिक उरले.

पुढच्या लढाईत तो गावे धरून स्वस्थ बसला. शत्रू येतच राहिला, मरत राहिला. भाचा खुशीत होता. पण त्या लढाईला पाळ्यांची मर्यादा होती आणि शत्रूचा सरदार लांब गढीत बसला होता. त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी पाळ्या संपल्या. नऊच्या नऊ सैनिक शाबूत, आणि डाव गेला! आम्ही दोघेही हसलो.

मग त्याने वही काढली. शेवटच्या पाळीपासून उलटे मोजत, कोणत्या पहाटे गाव सोडून निघायला हवे, ते तो लिहू लागला.