आमचं टाको काउंटर विकायचंय: दरेकसाहून

हा भाग घरून, दरेकसाहून रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मध्येच मालगाडी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

नागपुरातलं आमचं टाको-बरिटोचं छोटं काउंटर मी विकायला काढलंय. नोकरीत बंगळूरला बदली झालीय. आईचा पहिला प्रश्न: "दुकान चालते ना? मग विकून काहून राहिला?" प्रश्न बरोबरच आहे. बाबांनी धान विकून दिलेले २ लाख त्यात आहेत.

आधी वाटायचं, विकायचं म्हणजे तवा, फ्रीज, काउंटरची यादी करायची. पण जुनं सामान भंगारवालाही घेतो. घेणाऱ्याला हवा असतो चालू गल्ला, आणि तो माझ्याशिवाय चालतो का ते त्याला बघायचं असतं. म्हणून मी १० दिवस मुद्दाम गावी आलो. घरात रेंज धड नाही, फोनसाठी स्टेशनकडे जावं लागतं. टेस्टिंगला याहून चांगली जागा नाही!

दुसऱ्याच दिवशी बग सापडला. आमच्या टॉर्टिया मक्याच्या. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवायचा, मेक्सिकोतली हजारो वर्षांची पद्धत. साल सुटतं आणि पीठ धरून राहतं. चुना अर्थात खाण्याचाच. तो रोज मीच टाकायचो, अंदाजाने. मी नाही म्हटल्यावर दादांनी, म्हणजे आमच्या स्वयंपाक्यांनी, हात आखडता घेतला आणि टॉर्टिया तुटायला लागल्या. आता भिंतीवर लिहिलंय: १ किलो मका, १० ग्रॅम चुना. सॉस, राजमा, सगळंच वजनाने लिहून घेतोय.

मग हिशोब. महिन्याला ७० हजार सुटतात असं मी सगळ्यांना सांगत होतो. पण संध्याकाळी ६ ते ११ मी फुकट राबतो, ते कुठे धरलं? माझ्या जागी माणूस ठेवला तर २५ हजार जातील. खरा नफा ४५. आकडा बघून वाईट वाटलं, पण घेणारा तो काढणारच, मग आपणच काढलेला बरा. रोख विक्री वहीत नसेल तर ती विकताही येत नाही.

कागदांचं थोडक्यात. एफएसएसएआयचा परवाना विकता येत नाही, नव्या मालकाला स्वतःच्या नावाने घ्यावा लागतो. शॉप ॲक्टमध्ये माणसं थोडीच असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे फक्त सूचना द्यायची. जागेचा ११ महिन्यांचा करार आपल्या नावावर असतो, तेव्हा घरमालकाशी आधी बोला. तो नाही म्हणाला तर उरतो फक्त तवा. जीएसटी नोंदणी असेल तर चालू धंदा अख्खा दिल्यावर जीएसटी नाही, सुटं सामान विकलं तर लागू शकतो. करार लिहिण्याआधी सीएला दाखवाच.

एक गोष्ट मी उलटी केली. घेणाऱ्याने विचारलं, "दादा राहतील ना?" आणि मी दादांना अजून सांगितलंच नव्हतं. काल स्टेशनवर उभं राहून फोन केला. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पगार तोच असला तर राहीन. पण आधी त्या माणसाला मला भेटू द्या."

रविवारी दोघं भेटतायत. किमतीचं बोलणं त्यानंतर.