आजोबांची सायकल अटाल्यात देण्यापूर्वी

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की जिन्याखालची जुनी सायकल अडगळ ठरते आणि अटालेवाला ती लोखंडाच्या भावात घेऊन जातो. इंदूरच्या आपल्या घरांतून अशा कितीतरी सायकली गेल्या. हुकुमचंद मिलच्या पाळीला, शाळेत, कचेरीत माणसे त्यांवरूनच जात. पोलादी फ्रेम शाबूत असेल, तर अशी सायकल थोड्या खर्चात पुन्हा रस्त्यावर येते.

रॅलेच्या पुढच्या चक्रात बगळ्याची डोकी दिसतात, हंबरच्या चक्रात माणसांच्या आकृत्या. आसनसोलची सेन-रॅले, मद्रासची हर्क्युलस, सोनीपतची अॅटलस, लुधियानाची हीरो यांच्या मोठ्या सायकलींची मापे जवळपास सारखीच. त्यामुळे २८ × १½ चे टायर आणि बाकीचे बरेच सुटे भाग आजही मिळतात. घरात सायकल नसेल, तर शेजारीपाजारी आणि अटालेवाल्याकडे चौकशी करावी.

आधी फ्रेम तपासावी. मागच्या चाकाच्या डाव्या खाचेत दोरी बांधून ती हँडलच्या नळीला वळसा घालून उजव्या खाचेत आणावी. सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर फ्रेम वाकलेली आहे. चिमट्याला किंवा सांध्यांना तडा असेल, तर त्या सायकलीवर पैसे घालू नयेत. वरवरच्या गंजाची मात्र चिंता नको.

खर्चाचा क्रम महत्त्वाचा. पहिले पैसे ब्रेकचे रबर, टायर आणि ट्यूब यांवर. मग हब, पायडलचा आस आणि हँडल उघडून नवे छर्रे व ग्रीस. जुने छर्रे काढतानाच मोजून ठेवावेत. कॉटर पिन अडकली असेल, तर रात्रभर तेल सोडावे. ठोकताना क्रँकखाली भक्कम आधार द्यावा, नाहीतर मार छर्ऱ्यांच्या कपांवर बसतो. रंग सगळ्यात शेवटी, आणि जुना रंग व अक्षरे टिकून असतील तर मुळीच नको. क्रोमवरचा गंज ओल्या अॅल्युमिनियम फॉइलने घासला तरी बराच निघतो.

रिम बदलताना सांभाळावे. दांड्यांच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या, म्हणजे आसाकडच्या बाजूला दाबते. हल्लीच्या रिमवर ते बसत नाही. शिवाय या सायकलींना सहसा पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, तेव्हा रिम त्याच भोकांची हवी.

चालवायला जड वाटत असेल, तर फ्रीव्हील बदलावे. पुढे ४४ दाते आणि मागे १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे २.४ वेळा फिरते. मागे २२ लावले तर २ वेळा. वेग थोडा घटतो, पण चढावर गुडघ्यांना आराम मिळतो.

पहिली फेरी मोकळ्या मैदानात, हळू मारावी. पोलादी रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून पावसात अंतर राखूनच चालवावी.

दांड्यांचे ब्रेक नीट जुळवणारे मिस्त्री आता बहुतेक वयस्कर आहेत. काम त्यांच्याकडे नेताना घरातल्या मुलांनाही सोबत न्यावे. पाना धरायला शिकलेले मूल पुढे ती सायकल सहजासहजी अटाल्यात जाऊ देणार नाही.